पगारपत्रकामागचे काम

पूर्वी कारखान्यात पगार कारकून असे. हजेरी, रजा, ओव्हरटाइम यांचा हिशेब जुळवायचा आणि रोख पाकिटे वाटायची, हे त्याचे काम. आता हिशेब सॉफ्टवेअर करते. पेरोल सांभाळणाऱ्यावर नियमांची आणि माणसांची जबाबदारी आली आहे.

महाराष्ट्रातली पगारचिठ्ठी पाहा. भविष्य निर्वाह निधीसाठी सर्वसाधारणपणे मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 12 टक्के कपात. वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर राज्य कामगार विम्यासाठी 0.75 टक्के. व्यवसाय कर बहुतेकांना दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत मात्र 300. म्हणजे वर्षाला 2,500. शिवाय प्राप्तिकर. 2023-24 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर कर्मचाऱ्याने तसे कळवावे लागते. दोन्हींतला फरक वेळेत समजावून सांगणे आता पेरोल विभागाकडे आले आहे.

आधार कार्डावरचे आणि निधीच्या खात्यावरचे नाव जुळले नाही, तर पुढे पैसे काढताना दावा अडकू शकतो. दक्ष पेरोल अधिकारी ही तफावत कर्मचारी रुजू होतानाच दुरुस्त करून घेतो.

म्हणून पगारचिठ्ठी दरमहा वाचा, शंका आली की विचारा. कंपन्यांनीही वेतनरचना ठरवताना पेरोल सांभाळणाऱ्या मंडळींना चर्चेत बसवावे. एखादा भत्ता बदलला की कुणाच्या हाती किती पडेल, हे त्यांना आधी कळते.