पांढरकवड्याचा दोन हातांचा गोलंदाज

चार षटके, चार निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. 8 नोव्हेंबर 2021 रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध विदर्भाच्या अक्षय कर्णेवारने हे आकडे नोंदवले. पुरुषांच्या टी-ट्वेंटीत आपली चारही षटके निर्धाव टाकणारा तो पहिलाच. मणिपूरचा संघ नवखा होता, हे खरे. पण समोर कोणीही असो, 24 चेंडूंत एकही ढिला पडू न देणे हे कष्टाचेच काम. दुसऱ्या दिवशी सिक्कीमविरुद्ध हॅट्‌ट्रिक, पाच धावांत चार बळी.

कर्णेवार केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याचा. नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे हे गाव कापसाच्या मुलखातले. उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणारा हा मुलगा चेंडू फेकायचा डाव्या हाताने. मग डाव्या हाताने फिरकीही टाकू लागला आणि दोन्ही हात राखले.

प्रेक्षकांची नजर अशा वेळी हातावर खिळते. पाहावेत ते पाय. हात बदलला की पुढचा पाय बदलतो, कंबर उलट वळते, खांदा उलट उघडतो, धाव घेण्याची बाजू बदलते. टप्पा मात्र तोच हवा. म्हणजे सराव दुप्पट, आणि सामन्यात वाट्याला येणारी षटके तेवढीच. सप्टेंबर 2017 मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने उजव्या हाताच्या स्टॉयनिसला डाव्याने आणि डावखुऱ्या हेडला उजव्याने गोलंदाजी केली. दोघांपासूनही चेंडू बाहेर वळावा, एवढाच हिशेब. हात बदलण्याआधी पंचांना सांगावे लागते. न सांगता टाकला तर नो-बॉल.

याच हिशेबावर अमेरिकेत पॅट व्हेंडेटी बेसबॉल खेळला. तो रिलीफ पिचर, म्हणजे सामना रंगात आल्यावर मोजक्या फलंदाजांसाठी बोलावला जाणारा. दोन्ही हातांत घालता येईल असा सहा बोटांचा हातमोजा त्याने बनवून घेतला होता. 2008 मध्ये दोन्ही बाजूंनी खेळणारा एक फलंदाज समोर आला. हा हात बदलायचा, तो बाजू बदलायचा, खेळ पुढे सरकेना. अखेर पिचरने आधी हात जाहीर करावा, असा नियम करावा लागला. नियम त्याच्या नावाने ओळखला गेला, पण मेजर लीगचे दार उघडले ते जून 2015 मध्ये. तोवर तो तिशीच्या उंबरठ्यावर होता. दुर्मीळ कौशल्याकडे आधी करामत म्हणून पाहिले जाते. भरवसा फार उशिरा बसतो.

कर्णेवारवरही हे ओझे आहेच. त्याचे नाव निघाले की लोक हातांबद्दल विचारतात. फेब्रुवारी 2019 मध्ये नागपुरात रणजीच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध पहिल्या डावात त्याने नाबाद 73 धावा केल्या. विदर्भाने 78 धावांनी जिंकून सलग दुसऱ्यांदा करंडक राखला. त्याच महिन्यात इराणी करंडकात, शेष भारताविरुद्ध, आठव्या क्रमांकावर येऊन 102.