‘क्वारंटाइन’ म्हणजे चाळीस दिवस



कोरोनाच्या काळात ‘कोरंटाईन’ हा शब्द आपल्या पाड्यापाड्यांवर पोहोचला. कामानिमित्त मी जातो तिथे आजही अनेकांना त्याचा अर्थ ‘वाळीत टाकणे’ असाच वाटतो. म्हणून या शब्दाची थोडी ओळख.

युरोपात 1347 नंतर प्लेगने हाहाकार माजवला. आज क्रोएशियात असलेल्या दुब्रोव्हनिक बंदराने 1377 साली नियम केला: प्लेगच्या प्रदेशातून आलेल्यांनी तीस दिवस शहराबाहेर राहावे. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली. इटलीतल्या भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, त्यावरून क्वारंटाइन.

चाळीस हा आकडा ख्रिस्ती माणसाच्या ओळखीचा. मोशे चाळीस दिवस सीनाय पर्वतावर होता, प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात. दोघेही परत आले.

व्हेनिसने 1423 साली एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय उघडले. 1468 साली केवळ संशयितांसाठी दुसरे बेट ठरवले. आजारी वेगळे, संशयित वेगळे. अशा जागेला ‘लाझारेत्तो’ म्हणत. नासरेथच्या मरीयेच्या नावाचे तिथले मंदिर आणि शुभवर्तमानातला फोडांनी भरलेला लाजर, दोन्ही नावे त्या शब्दात मिसळली आहेत.

लेवीय 13 मध्येही याजक संशयिताला सात दिवस वेगळा ठेवतो आणि सातव्या दिवशी स्वतः पुन्हा तपासतो.

म्हणजे या शब्दातच मुदत आहे. वाळीत टाकण्याला मुदत नसते. कुष्ठरोगाची औषधे सुरू झाली की संसर्ग लवकरच थांबतो. क्षयाची नियमित औषधे घेतल्यास काही आठवड्यांत धोका बराच कमी होतो. तरी काही घरांत रुग्णाचे ताट वर्षानुवर्षे वेगळेच राहते, बरा झालेला माणूस ओटीवरच झोपतो. रोगापेक्षा हे दुखणे मोठे.

दूर ठेवलेल्या माणसाजवळ कुणीतरी जावेच लागते. 1897 च्या प्लेगात पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांच्या सेवेत होत्या. त्याच रोगाने 10 मार्चला त्या गेल्या. आज आपल्याकडे औषधे आहेत, काळजी घेऊन जवळ जाणे शक्य आहे.

तेव्हा मंडळीतल्या कुणाला वेगळे ठेवावे लागले, तर आरोग्यसेविकेला विचारून परतीचा दिवस त्याला आधीच सांगा. तोवर जेवण आणि औषध पोहोचते ना, ते पाहा. आणि त्या दिवशी त्याला आपल्या पंगतीला बसवा.