मिसिंग नेमकी कुठे?

सिग्नलला उभ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतं, चढावर पिकअप मिळत नाही, सायलेन्सरमधून मधूनच फट् असा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, गाडी मिसिंग मारते. चारपैकी एका सिलिंडरमध्ये ठिणगी, पेट्रोल किंवा दाब यांतलं काहीतरी कमी पडलेलं असतं आणि उरलेले तीन त्या चौथ्यालाही ओढत असतात.

घरीच गाडी दुरुस्त करणाऱ्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ऑइलने माखलेली हौशी पोरं होती. गाठ पडली ती सत्तरीकडे झुकलेल्या, चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या गृहस्थांशी. सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणतात. पार्किंगमध्ये त्यांची एक पत्र्याची पेटी असते आणि रविवारी सकाळी तिच्याभोवती दोन-तीन शेजारी.

पूर्वी हे सगळं सोपं होतं, असं ऐकू येतं. मुंबईतला फियाट टॅक्सीवाला रस्त्याकडेला डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट घासायचा आणि पुढचं भाडं घ्यायचा. 1983च्या डिसेंबरात आलेली मारुती 800 सुद्धा कार्ब्युरेटरवरच होती. पुढे इंजेक्शन आलं, डिस्ट्रिब्युटर गेला, बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल बसली. आता स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसला की मोबाईलवर कोड उमटतो. पी 0301 म्हणजे पहिला सिलिंडर, 0302 म्हणजे दुसरा. 0300 आला तर कुठला एक असा सांगता येत नाही.

गाडीला हे कळतं कसं, यात मी बराच वेळ रमलो. क्रँकबरोबर फिरणाऱ्या एका चाकावर दाते असतात. बऱ्याच इंजिनांत 60 दातांच्या जागा आणि त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले. समोरचा सेन्सर एका दातापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ गेला ते मोजतो. सिलिंडर पेटला की चाकाला किंचित रेटा मिळतो, नाही पेटला की ते तेवढ्यापुरतं रेंगाळतं. मिनिटाला 3000 फेऱ्या असतील तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 25 वेळा पेटतो, चौघे मिळून 100. त्यातला एक हुकला तरी संगणकाच्या लक्षात येतं. हुकण्याचं कारण मात्र त्याच्या हिशोबात नसतं.

इथून पुढे काकांचं काम. शेजाऱ्याच्या गाडीला सर्व्हिस सेंटरने चारही प्लग नवे टाकले होते, तरी 0303 येतच होता. काकांनी आधी इंजिन गार होऊ दिलं. मग तिसऱ्याची कॉईल पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसला आणि शेजाऱ्याला कॉलनीला चक्कर मारायला पाठवलं. दोष कॉईलचा असता तर तिच्यामागोमाग कोडही पहिल्यावर आला असता, प्लगचा असता तर तिसऱ्यावरच राहिला असता. गाडी परत आली ती दोन्ही कोड घेऊन.

“दोघंही चोर आहेत,” काका म्हणाले आणि त्यांनी तिसरा प्लग बाहेर काढला. पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली केसाएवढी काळी रेघ होती. पाना तिरका लागून प्लगला बारीक चीर गेली असावी, असा त्यांचा अंदाज. हजारो व्होल्टची ठिणगी गॅपमधून उडी मारायची सोडून चिरेवाटे बाहेरूनच पत्र्याला मिळत होती. टॉर्च लावून त्यांनी कॉईलच्या रबरी बुटात डोकवायला लावलं. आत तशीच रेघ. नुसता प्लग बदलला असता तर त्या बुटाने नव्या प्लगवरही थोड्या दिवसांत रेघ ओढली असती. प्लग आणि बूट, दोन्ही बदलले. या कंपनीत बूट सुटा मिळतो. काहींत अख्खी कॉईलच घ्यावी लागते.

प्लग बसवताना काका दांडा लावत नाहीत. नुसत्या सॉकेटने, बोटांनी, शेवटपर्यंत. वॉशरचा नवा प्लग टेकला की मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. हेड ॲल्युमिनियमचं, आटे एकदा गेले की प्लगच्या किमतीत भागत नाही.

हे वाचून कुणी उद्याच बॉनेट उघडणार असेल, तर अडचणीही ऐकाव्यात. सिलिंडर मोजायचे कुठून, इथेच पहिली चूक होते. बहुतेक गाड्यांत पहिला सिलिंडर टायमिंग चेनच्या बाजूला असतो, पण रेनोच्या बऱ्याच इंजिनांत गिअरबॉक्सच्या बाजूला. सीएनजीच्या गाडीचं आणखी वेगळं. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेली कॉईल पेट्रोलवर गुपचूप चालते आणि सीएनजीवर झटके देते. लोक किटवाल्याशी भांडून येतात. पावसाळ्यात प्लगच्या खड्ड्यात पाणी साचतं. पार्किंगमधले उंदीर इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात, आणि ती मिसिंग कधी असते, कधी नसते. काही इंजिनांत प्लगपर्यंत पोहोचायला वरचा मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. पार्किंगमध्ये त्या फंदात पडू नये.

कॉईल, प्लग, इंजेक्टर यांची अदलाबदल होऊनही कोड जागचा हलला नाही, तर कॉम्प्रेशन मोजायचं. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर संशय रिंगांवर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर. तिथे घरगुती दुरुस्ती संपते. काका अशा वेळी पेटी बंद करतात, आणि हा त्यांचा गुण मला सगळ्यांत मोठा वाटला. जिवंत कॉईलची वायर हातात धरून ठिणगी दाखवणारे बहाद्दर त्यांना मुळीच आवडत नाहीत.

खरी काळजी वेगळीच आहे. महिनोन् महिने तशीच गाडी चालवणारे लोक आहेत. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते, तिच्यावरचं प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम वाया जातं आणि काहीशे रुपयांच्या प्लगचं दुखणं हजारोंवर जातं. चेक इंजिनचा दिवा लागून राहिला तर सवडीने बघता येईल, लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. वॉरंटीतल्या गाडीला घरी हात लावू नका. आणि बाहेर दुरुस्त करून घेतलीत, तर पैसे देण्याआधी कोड कुठला होता ते बिलावर लिहून घ्या आणि काढलेले प्लग मागून घ्या. ते तुमचेच आहेत.