डिस्क शंभर टक्के, दुखणं मात्र रॅमचं

जुना पीसी रडतखडत चालू लागला की दुकानातला पहिला सल्ला ठरलेला: ‘रॅम वाढवा.’ सल्ला चुकीचाच असतो असं नाही, पण तो मशीन न पाहता दिलेला असतो. 4 जीबी रॅम आणि 1 टीबी हार्ड डिस्क असलेले, आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले पीसी-लॅपटॉप अजून कितीतरी घरांत आहेत. त्यांच्यावर पैसे कुठे घालायचे, हे दुकानदाराआधी मशीनलाच विचारावं.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातलं ‘परफॉर्मन्स’ उघडून ठेवा आणि रोजचं काम करा: ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, एखादी एक्सेलची फाइल, व्हॉट्सॲप. डिस्क शंभर टक्क्यांना चिकटली आणि मेमरी निम्मीच भरली असेल, तर नुसत्या रॅमने फारसं काही हाती लागणार नाही. पण मेमरीही नव्वदच्या पुढे गेली असेल, तर जरा थांबा. इथे ओरडते डिस्क, दुखणं रॅमचं असतं. रॅम भरत आली की विंडोज तिच्यातला लगेच न लागणारा ऐवज डिस्कवरच्या ‘पेजफाइल’मध्ये हलवते आणि लागला की परत आणते. रॅम फारच तोकडी पडली तर ही ने-आणच मुख्य काम होऊन बसते आणि तुमचं काम बाजूला राहतं. याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्येच त्याची कारणमीमांसा केली होती.

ही ने-आण इतकी महाग का पडते? लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा. त्याआधी हेड नेमक्या ट्रॅकवर सरकायला हवं, त्याचे आणखी दहा-बारा मिलिसेकंद. रॅमला याच कामाला साधारण 100 नॅनोसेकंद पुरतात. रॅमचा हा वेळ एक सेकंद धरला, तर एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या फ्लॅश डिस्कला, पाव तास लागेल आणि हार्ड डिस्कला जवळजवळ दोन दिवस!

म्हणून फिरती डिस्क असलेल्या मशीनसाठी माझा कौल आधी एसएसडीला. मशीन झटपट सुरू होतं, आणि पेजफाइलही तिच्यावर गेल्याने अपुरी रॅम तितकी जाचत नाही. त्यानंतर रॅम 8 जीबी करावी. 16 जीबी व्हिडिओ एडिटिंग वगैरे करणाऱ्यांसाठी. विंडोज 32-बिट असेल तर 4 जीबीच्या वरची रॅम तिला वापरताच येत नाही, हे आधी तपासा.

खरेदीत दोन ठिकाणी फसगत होते. डीडीआर3 आणि डीडीआर4 रॅमची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डावर सोल्डरच केलेली असते. दुसरं, सेकंदाला 3500 एमबीची जाहिरात पाहून एनव्हीएमई एसएसडी आणाल, आणि मशीनमध्ये फक्त साटा पोर्ट निघेल. साटा साडेपाचशेच्या आसपास थांबतो. हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला तेवढंही डोळे दिपवणारं वाटतं.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा मशीनवर हात राखूनच खर्च करावा. एसएसडी पुढे केसमध्ये घालून बाहेरून वापरता येईल. डीडीआर3 रॅम नव्या मशीनला चालणार नाही. ती सेकंड-हँड घ्यायला हरकत नाही, वापराने रॅम फारशी झिजत नाही. फक्त घरी आणल्यावर मेमटेस्ट रात्रभर चालवून बघा. एसएसडी मात्र नवीच घ्या. तिच्या फ्लॅश पेशी प्रत्येक लिखाणागणिक थोड्या थोड्या झिजतात, आणि आधीच्या मालकाने किती लिहिलंय हे दुकानाच्या काउंटरवर कोणी दाखवत नाही.