हरळीची सात दशके

शेतकरी जिला खणून बांधावर फेकतो आणि गणपतीला जिची जुडी वाहतो, ती हरळी म्हणजेच दूर्वा. अमेरिकेच्या उष्ण दक्षिणेतले कितीतरी गोल्फ ग्रीन, म्हणजे खळगीभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळी, आज तिच्याच संकरित वाणांवर उभे आहेत.

जॉर्जियातील टिफ्टनच्या संशोधन केंद्रात वनस्पती-पैदासकार ग्लेन बर्टन 1936 साली रुजू झाले. हरळी आणि तिची आफ्रिकी बहीण यांच्या संकरातून 1956 साली ‘टिफग्रीन’ आले, 1965 साली त्याचाच बुटका अवतार ‘टिफड्वार्फ’. हे संकर बी धरत नाहीत. कांड्या लावूनच वाढवावे लागतात. बर्टन यांचे ऋण आपल्यावरही आहे. 1965 साली भारतात आलेल्या ‘एचबी-1’ या संकरित बाजरीचे मातृवाण, ‘टिफ्ट 23ए’, त्यांनीच घडवले होते.

ऊस, ज्वारी, बाजरी यांच्याप्रमाणे हरळीही सी-4 गटातली, म्हणजे कडक उन्हात कमी पाण्यावर अन्न बनवणारी. थंड हवेच्या बेंटग्रासपेक्षा ती थोड्या पाण्यात जास्त वाढते. पाणी तुटले तर पाने वाळू देते आणि जमिनीखालच्या खोडात जीव धरून राहते. मात्र ग्रीनवर हे बळ निम्मे उरते. तिथे गवत जेमतेम तीन मिलिमीटरवर कापतात, त्यामुळे मुळे आखूड राहतात. खाली सुमारे 30 सेंटिमीटर वाळूचा थर असतो, त्यात ओल टिकत नाही. म्हणून काटक वाण लावले तरी ग्रीनला रोज डोळ्यांत तेल घालून जपावे लागते.

पाण्याची मोठी बचत झाली ती ग्रीनबाहेर. नॉर्थ कॅरोलायनातील ‘पाइनहर्स्ट नंबर 2’ या गोल्फ मैदानावर 2010-11 मध्ये सुमारे 35 एकर हिरवळ काढून वाळू आणि रानगवत परत आणले. सुमारे 1,150 तुषार-तोट्यांपैकी 450च ठेवल्या. वर्षाचा पाणीवापर साडेपाच कोटी गॅलनवरून दीड कोटीच्या आसपास आला. 2014 साली तिथे झालेल्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत तपकिरी मैदान पाहून अनेकांनी नाके मुरडली. त्याच वर्षी स्पर्धेनंतर ग्रीनवरचे बेंटग्रास काढून ‘चॅम्पियन’ ही बुटकी हरळी लावली गेली. 2024 ची यूएस ओपन तिच्यावरच झाली.

सात दशकांच्या संशोधनाने गवत काटक झाले, हे खरेच. पण पाणी वाचले ते जिथे गरज नव्हती तिथली तोटी बंद केल्यावर. वाण निवडण्याआधी ओलिताचे क्षेत्र ठरवा. दुष्काळात टिकण्याची सुरुवात तिथून होते.