कलात्मक छायाचित्रांच्या बाजाराचा अदमास

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदाकाठचे गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा तेथे उपबाजार भरतो. लिलाव आटोपला की त्या दिवशी किती क्विंटल कांदा आला, किमान, कमाल व सर्वसाधारण भाव काय निघाला, हे सारे नोंदले जाते. वर्षअखेर एकंदर उलाढाल किती झाली असे कोणी विचारलेच, तर कागदपेन्सिल घेऊन बसणाऱ्यास त्याचे उत्तर काढता येते.

आता त्याच तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयाकडे वळावे. २०२० साली हे स्थळ रामसर यादीत गेले. हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले. हिवाळ्यात तेथे दूरदेशीची पाखरे उतरतात आणि त्यांच्या मागोमाग छायाचित्रकारही येतात. समजा, सायखेड्याच्या एखाद्या तरुणाने धुक्यातील पाखरांचे एक अप्रतिम चित्र टिपले आणि कर्ज काढून मोठा कॅमेरा घ्यावा असे त्याच्या मनात आले. घरची वडीलधारी माणसे साहजिकच विचारतील, ‘अरे, पण अशा चित्रांना गिऱ्हाईक किती?’ प्रश्न साधा आहे; उत्तर मात्र तितके साधे नाही.

पहिली अडचण व्याख्येची. छायाचित्रणाचा धंदा आणि कलात्मक छायाचित्रांचा बाजार या दोन भिन्न गोष्टी होत. लग्नसमारंभाची, वृत्तपत्रांची वा जाहिरातींची छायाचित्रे कामासाठी घेतली जातात. कलाकृती म्हणून विकले जाणारे चित्र भिंतीवर लावण्यासाठी अथवा संग्रही ठेवण्यासाठी घेतले जाते. मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली ती १८५४ साली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील एक प्रमुख छायाचित्रकार. त्या काळातील जुन्या प्रतींना आज संग्राहक मोल देतात. तेव्हा जुन्या प्रतींची विक्री हिशेबात धरावयाची की केवळ नव्या चित्रांची, हेही आधी ठरवावे लागते.

दुसरी अडचण नोंदीची. लिलावगृहांतील किमती जाहीर होतात. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचे ऱ्हाइन नदीचे चित्र २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरांना गेले. मान रे यांचे एक चित्र २०२२ साली सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरांना गेले. परंतु कलादालनात, ओळखीपाळखीने अथवा थेट कलावंताच्या घरी होणाऱ्या व्यवहारांची वाच्यता होत नाही. त्यातून छायाचित्राच्या प्रती अनेक. गुर्स्कीच्या त्या चित्राच्या सहा प्रती आहेत. एक प्रत ४३ लाखांना गेली म्हणून सहांची किंमत बाजाराच्या उलाढालीत धरणे म्हणजे न विकलेला कांदा विकला म्हणून लिहिण्यासारखेच होय.

म्हणूनच जाणकारांचेही अंदाज जुळत नाहीत. २०१६ या एकाच वर्षाची जगातील समग्र कलाबाजाराची उलाढाल एका अहवालाने ४,५०० कोटी डॉलर सांगितली, तर दुसऱ्याने ५,६६० कोटी. तफावत हजार कोटींहून अधिक! छायाचित्रे तर या बाजाराचा एक लहानसा भाग.

मग अदमास बांधावा कसा? रीत सोपी आहे: विकणारे छायाचित्रकार किती, प्रत्येकाच्या वर्षाकाठी प्रती किती खपतात आणि सरासरी किंमत काय, या तीन आकड्यांचा गुणाकार करावयाचा. केवळ उदाहरणादाखल १०० छायाचित्रकार, प्रत्येकी १० प्रती आणि २५,००० रुपये किंमत धरली, तर उलाढाल अडीच कोटी होते. पण तिन्ही आकडे निम्मे निघाले तर ती ३१ लाख २५ हजारांवर येते, आणि दुप्पट निघाले तर २० कोटींवर जाते. अशा बाजाराचा एकच आकडा कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्यामागची ही तीन गृहीते त्याला अवश्य विचारावीत.

सरासरीही फसवी असते. नऊ चित्रे प्रत्येकी १०,००० रुपयांना आणि एक १० लाखांना गेले, तर सरासरी १ लाख ९ हजार पडते. परंतु त्या दहांपैकी नऊ कलावंतांच्या पदरी १०,०००च असतात. त्यातूनही दालनाचा वाटा, छपाई आणि चौकट यांचा खर्च वजा जातो.

यास्तव सायखेड्यातील त्या घराला अखिल बाजाराच्या आकड्याची गरजच नाही. नाशिक, पुणे, मुंबई येथील आठदहा दालनांत चौकशी करावी: गेल्या वर्षी नवख्या छायाचित्रकाराच्या किती प्रती खपल्या, कोणत्या किमतीला, आणि त्याच्या हाती किती पडले? हे उत्तर कर्जाच्या हप्त्याशेजारी मांडून पाहावे. हप्ता भागत नसेल तर कॅमेरा भाड्याने घेऊनही दोन हिवाळे काम करता येते, आणि तेवढ्यात चित्रांना मागणी आहे की नाही हे कळून येते. कांदा लावताना शहाणा शेतकरी एखाद्या दिवसाच्या कमाल भावावर हिशेब मांडत नाही; तो सर्वसाधारण भाव पाहतो. कलेच्या बाजारातही हाच शहाणपणा घराला तारतो, आणि कलावंतालाही.