लागोसला निघालेल्यांसाठी : तिथे बाहेर काय खावे, कसे खावे

नोकरीसाठी नायजेरियात लागोसला निघालेल्या मुलांचे आई-वडील भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथं पोरगं खाणार काय?" बेळगावात उद्यमबागेत शिकलेल्या कामावर मी लागोसच्या एका कारखान्यात चार वर्षे काढली. म्हणून मंडळाच्या सभासदांसाठी हे थोडे लिहितो.

आधी निघण्यापूर्वीचे. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी आणि तिचे कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवावे. कार्ड नसेल तर परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत वेगळे राहावे लागू शकते. मलेरिया तिथे बारा महिने असतो. मच्छरदाणीचा कंटाळा करू नये आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे. लागोसचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. मुलगा संध्याकाळी ७ वाजता घरी येतो तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. त्यामुळे फोन सुटीच्या दिवशीच ठरवलेला बरा.

आपली बरीच माणसे कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहतात. उंच भिंत, फाटक, राखणदार, जनरेटर. इलुपेजू भागात भारतीय शाळा आहे, डाळ, पीठ, मसाले मिळतात. त्यामुळे उपाशी कोणी राहत नाही. पण पहिले सहा महिने मी भीतीपोटी फाटकाबाहेर काही खाल्ले नाही. तोच डाळभात, तीच चार माणसे. रविवार खायला उठायचा. इतके एकटे मला कधी वाटले नव्हते.

फाटकावरचा राखणदार हौसा होता. रोज सकाळी कागदात काहीतरी गरम घेऊन बसायचा आणि मला विचारायचा. तीन वेळा नको म्हटले. चौथ्यांदा लाज वाटली म्हणून घेतले, तर चक्क चवळीचा वडा! योरुबा लोक त्याला अकारा म्हणतात, हौसा कोसाई. भिजवून साले काढलेली चवळी, कांदा, मिरची वाटून तळलेली.

तिथून डोळे उघडले. हौसांचे 'मासा' म्हणजे तांदळाचे पीठ आंबवून खळग्यांच्या तव्यात केलेले आप्पेच. 'झोबो' हे लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत. 'फुरा दा नोनो' म्हणजे बाजरीचे गोळे दह्यात कुस्करलेले. आपली आंबील ज्यांना आवडते त्यांना ते आवडेल. कसावाच्या किसाची 'गारी' उकळत्या पाण्यात घोटून 'एबा' करतात. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. एबाचा घास बोटांनी मोडून, रश्श्यात बुडवून, न चावता गिळायचा. नाचणीचा मुद्दा खाणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

हे साम्य उगाच नाही. ज्वारी, बाजरी आणि चवळी मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. मिरची आणि शेंगदाणा मात्र दोघांकडेही अमेरिकेतून आले.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावे. भाजीच्या रश्श्यातही सुक्या कोळंबीची पूड किंवा सुकी मासळी असते. 'मोईमोई' दिसायला ढोकळ्यासारखी, पण आत अंडे किंवा मासा निघू शकतो. जोलोफ भातात बहुधा मांसाच्या अर्काची वडी पडते. म्हणून आधी विचारावे, "फिश डे इनसाइड?" तिथल्या पिजिन इंग्रजीत हे सगळ्यांना कळते. भाजलेले केळे आणि शेंगदाणे, उकडलेले कणीस, अकारा यांवर निर्धास्त राहावे. मांसाहारी असाल तर 'सुया' खाल, पण ते बहुतेक ठिकाणी गोमांसाचे असते. ज्यांना चालत नाही त्यांनी कोंबडीचे मागावे आणि ते डोळ्यांसमोर भाजून घ्यावे. पाणी बंद बाटलीचेच प्यावे. कापून ठेवलेली फळे टाळावीत.

बोलण्याचे म्हणाल तर आपण सीमाभागातली माणसे. दुकानदाराशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलले की भाव बदलतो, हे आपल्याला बाजारातच कळलेले असते. हौसा माणसाला 'सान्नू' म्हणावे. योरुबा वडीलधाऱ्यांना सकाळी 'ए काआरो' म्हणावे. त्यातला 'ए' म्हणजे आपले 'तुम्ही'. एकेरीत बोललात तर त्यांनाही खटकते. पैसे आणि वस्तू उजव्या हातानेच द्याव्यात, हेही आपल्यासारखेच.

येताना मी राखणदाराला घरून आलेली शेंगदाण्याची चटणी दिली. चिमूटभर जिभेवर ठेवून तो म्हणाला, "याजी!" सुयावर भुरभुरतात तो शेंगदाण्याच्या पेंडीचा तिखट मसाला म्हणजे याजी. माझ्या आईची चटणी त्याला त्याच्या गावची वाटली.

तेव्हा मुलाच्या सामानात चटणी जरूर द्या, पण दोन डबे द्या. एक त्याला आणि एक फाटकावर.